वाऱ्याला आंकडे देणारा दर्यावर्दी

आरमाराचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभ्या राहतात त्या लढाया. ट्रफाल्गारची लढाई व नेल्सनचा मृत्यु हे प्रसंग इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतात. परंतु त्याच काळीं, त्याच आरमारांत नोकरी करणाऱ्या फ्रान्सिस बोफर्टविषयीं विचारलें, तर वर्गांतले हुशार विद्यार्थीहि गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे. रणांत ज्याच्या वाट्यास कीर्तीपेक्षां जखमाच अधिक आल्या, त्याच्या हातून शांततेच्या काळांत केवढें कार्य होऊं शकतें, हें पाहावयाचें असेल तर ह्या चरित्राकडे वळावें.

बोफर्टचा जन्म १७७४ सालीं आयर्लंडमध्यें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. पित्यास भूगोलाचा नाद होता. त्यानें तयार केलेला आयर्लंडचा नकाशा १७९२ सालीं प्रसिद्ध झाला. मुलगा १७८९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या 'व्हॅन्सिटार्ट' जहाजावर चढला. सुमात्राच्या पूर्वेकडील गॅस्पर सामुद्रधुनींत तें जहाज खडकावर आपटून फुटलें. समुद्राच्या पोटांतील अज्ञात खडक म्हणजे काय, हा धडा त्यास पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

पुढच्याच वर्षीं तो इंग्लंडच्या आरमारांत शिरला. १७९४ च्या जूनमध्यें फ्रेंचांशीं झालेल्या मोठ्या लढाईंत तो 'अ‍ॅक्विलॉन' जहाजावर होता. १८०० सालीं मालागाजवळ एका किल्ल्याच्या आश्रयास उभें असलेलें स्पॅनिश जहाज त्यानें होड्यांतून जाऊन काबीज केलें. त्या झटापटींत त्याच्या अंगावर एकोणीस जखमा झाल्या. बढती मिळाली, निवृत्तिवेतनहि मिळालें. जहाज मात्र मिळेना. अखेर १८०५ सालीं, म्हणजे ट्रफाल्गारच्याच वर्षीं, 'वुलविच' जहाजाचें आधिपत्य त्यास लाभलें. पण त्या जहाजाचें काम होतें सामान वाहून नेण्याचें! मानी योद्ध्यास हें किती लागलें असेल, ह्याची कल्पना कोणासहि करतां येईल.

परंतु ह्याच जहाजावर, १८०६ च्या जानेवारींत, त्यानें आपल्या रोजनिशींत वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी लिहून ठेविली. तोंपर्यंत एकाचा 'जोराचा वारा' हा दुसऱ्याचा 'मध्यम वारा' असे. बोफर्टनें शून्य म्हणजे निवांत हवा, येथपासून चढत्या पायऱ्या ठरविल्या. पुढें त्या बारांवर स्थिर झाल्या. अशा श्रेणीची कल्पना त्याच्यापूर्वीं इतरांसहि सुचली होती. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, लवकरच त्यानें ह्या आंकड्यांची सांगड जहाजाच्या शिडांशीं घातली. मंद वाऱ्यांत जहाज किती वेगानें चालेल आणि जोराच्या वाऱ्यांत कोणतीं शिडें उभीं ठेवतां येतील, हेंच माप. कोणतेंहि शीड ज्यापुढें टिकावयाचें नाहीं, तो वारा बारावा. उपकरणावांचून, केवळ अनुभवी डोळ्यांनीं घेतां येणारें हें माप होतें.

१८११ व १८१२ सालीं आशियामायनरच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी करीत असतां त्याच्यावर हल्ला झाला व मांडीच्या सांध्याजवळ गोळी लागून तो पुन्हां जायबंदी झाला. जहाजाचें आधिपत्य पुढें त्यास कधींच मिळालें नाहीं. १८१५ नंतर युद्ध थांबलें आणि शेंकडों अधिकारी अर्ध्या पगारावर घरीं बसले. १८२९ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, आरमाराच्या नकाशाखात्याची सूत्रें बोफर्टच्या हातीं आलीं. ज्या वयांत आपल्याकडील गृहस्थ निवृत्तीचे दिवस मोजूं लागतो, त्या वयांत ह्या पुरुषाचें खरें आयुष्य सुरू झालें!

पुढें सव्वीस वर्षें तो त्या खुर्चीवर होता. पाहणीसाठीं जहाजें धाडावीं, परत आलेलीं मापें पारखावीं, शंका असेल तेथें पुन्हां विचारावें, हा त्याचा नित्यक्रम. १८३१ सालीं 'बीगल'च्या कप्तानास एक शास्त्रज्ञ सोबती हवा होता. बोफर्टनें केंब्रिजला विचारणा केली व त्यांतूनच तरुण डार्विन त्या सफरीस गेला. १८३८ सालीं वाऱ्याची श्रेणी साऱ्या इंग्रजी आरमारास लागू झाली.

तथापि एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हे नकाशे व्यापारी जहाजांसहि मिळत, आणि त्यांमुळें असंख्य खलाशांचे प्राण वांचले असतील, हें खरें. पण पहिल्या अफूच्या युद्धांत यांगत्से नदींतून इंग्रजांच्या युद्धनौका वर चढल्या, त्यांना वाट दाखविणारे पाहणी-अधिकारीहि ह्याच खात्याचे होते. खडक दाखविणारा नकाशा, जहाज तेथें कशास चाललें आहे, हें विचारीत नाहीं. ह्या दोषांतून बोफर्टला सर्वस्वीं मुक्त करतां येणार नाहीं. परंतु त्याचें माप ह्या एकाच गोष्टीनें घेणेंहि न्यायाचें होणार नाहीं.

१८५५ सालीं, ऐंशी वर्षें उलटल्यावर, त्यानें काम सोडलें व १८५७ सालीं तो मरण पावला. त्यानें काबीज केलेल्या स्पॅनिश जहाजाचें नांव आज फारच थोड्यांस ठाऊक असेल. परंतु भर समुद्रांत वाऱ्याचा जोर सांगावयाचा झाला, म्हणजे दर्यावर्दी अजूनहि त्याच्याच आंकड्यांनीं बोलतात. सामानाचें जहाज हातीं आलें म्हणून तो खचून बसला असता, तर हा वारसा जगास मिळाला नसता. हवें तें काम न मिळाल्याचें दुःख ज्यास आहे, त्यानें ह्या 'वुलविच' जहाजाची आठवण ठेवावी.