चेण्याची नदी आणि उन्हाळ्यातला नकाशा

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने काशिमीऱ्याकडे निघाले की वाटेत चेणे लागते. डावीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उजवीकडे वसईची खाडी आणि मधून डोंगरातले पाणी खाडीला नेऊन पोचवणारी नदी. गाव मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येते. या नदीचा काठ विकसित करण्याची योजना पुढे आली तेव्हा पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांनी हरकती घेतल्या, योजनेच्या बाजूचे लोकही बोलले. त्या वादाच्या आधीचा एक प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. नदीचा काठ नेमका कुठे आहे, हे ठरवायचे कोणी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात?

आज या प्रश्नाचे एक उत्तर सर्वत्र मान्य झाले आहे. आधी तो पूर्वपक्ष नीट मांडतो. आपली शहरे बिघडली ती माहितीअभावी, असे तो म्हणतो. आराखडे जुन्या नकाशांवर बेतले गेले, प्रत्येक खात्याचा कागद वेगळा राहिला. आता उपग्रहाची चित्रे आहेत, ड्रोन आहेत, जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली आहे. महापालिकेकडे हे तंत्र जाणणारी माणसे कमी, विद्यापीठांकडे ती भरपूर. तेव्हा महापालिकेने विद्यापीठाशी सामंजस्य करार करावा, विद्यापीठाने संगणकावर शहराचा अचूक नकाशा तयार करून द्यावा आणि अचूक नकाशावरून अचूक आराखडा निघावा.

यातले बरेच मला मान्य आहे. चेण्याचेच पाहा. इथे महापालिकेचा आराखडा लागू आहे, वनखात्याची हद्द आहे, महसूल खात्याचे सर्व्हे नंबर आहेत, खाडीकडे किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. शिवाय ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय उद्यानाभोवती ठरलेले ५९.४६ चौरस किलोमीटरचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही आहे. हे सगळे थर एकावर एक ठेवून एकाच पडद्यावर पाहता येणे ही मोठी सोय आहे, आणि ती नाकारणे हटवादीपणा ठरेल. माझा आक्षेप या उत्तराच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाला आहे. वरून घेतलेले चित्र म्हणजे जमिनीची खरी माहिती, आणि विद्यापीठ म्हणजे ते चित्र रंगवून देणारा तंत्रज्ञ, असे हे गृहीतक आहे. त्याचे दोन्ही भाग चूक आहेत.

पहिली अडचण ऋतूची. पावसाळ्यात कोकणपट्टीवर ढग असतात, म्हणून नकाशासाठी स्वच्छ चित्रे घेतली जातात ती दिवाळीनंतर, बहुधा उन्हाळ्यापर्यंतच्या महिन्यांतली. एप्रिलमध्ये अशी डोंगरातली नदी म्हणजे दगडगोटे, मधे कुठे डोह आणि बाजूला कोरडी रेती. त्या चित्रावर नदीची रेघ आखली तर ती उन्हाळ्यातल्या नदीची रेघ होते. जुलैमध्ये डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाडीला मोठी भरती एकाच वेळी आली की उतरणाऱ्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते आडवे पसरते. ते पाणी कुठवर पसरते हे एप्रिलच्या चित्रात उमटत नाही. सरकारी नियमात निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. त्या रेषा आखायला वर्षानुवर्षांच्या पाण्याच्या नोंदी हव्यात. लहान नदीच्या अशा नोंदी हाताशी नसतील, तर २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, पाणी कोणत्या पायरीला, कोणत्या झाडाच्या बुंध्याला लागले होते, हे सांगणारी म्हातारी माणसे हीच आपली नोंदवही.

दुसरी अडचण नावांची. आराखड्याच्या आधी विद्यमान भूवापराचा नकाशा करावा, असे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ सांगतो. त्या नकाशाच्या सूचीत ‘मोकळी जमीन’ असा एक रंग असतो. ठाणे जिल्ह्यातले भाताचे खाचर पावसाळ्यात पिकते आणि भात कापला की कोरडे पडते. उन्हाळ्यात वरून पाहिले तर तपकिरी चौकोन आणि त्यांचे बांध, एवढेच दिसते. संगणकावर बसलेला मुलगा त्याला मोकळी जमीन म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच जमिनीला गावात खाचर, वरकस, खाजण अशी वेगवेगळी नावे आहेत. खाचर पावसाचे पाणी अडवून धरते. वरकस म्हणजे नाचणी-वरीची उताराची जमीन. खाजणात खाडीचे खारे पाणी शिरते. या तिघांवर बांधकामाचे परिणाम तीन प्रकारचे होतात. तिघांना एकच रंग दिला की निर्णय करणाऱ्याला तो फरक कधी दिसतच नाही. झाडांच्या सावलीतले आदिवासी पाड्यांचे छप्परही असेच वरून दिसत नाही. ज्या घराला सातबारा नाही आणि कराची पावती नाही ते कागदावरही नसते.

तिसरी अडचण मापाची. गावाचे जुने नकाशे साखळीने मोजून काढलेले आहेत. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फुटांचा तुकडा. तो जुना नकाशा ताणूनतुणून उपग्रहाच्या चित्रावर बसवावा लागतो. बसवताना दहा मीटर सरकला तर अख्ख्या गुंठ्याची रुंदी सरकली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत योजनेत शहरांचे आराखडे जीआयएसवर करायचे ठरले, तेव्हा नकाशाचे प्रमाण १:४००० धरले होते. त्या प्रमाणात दहा मीटर म्हणजे कागदावर अडीच मिलिमीटर, भाताच्या एका दाण्याच्या रुंदीएवढे. आखणाऱ्याला ते जाणवतही नाही. आणि ज्याची चार-पाच गुंठे जमीन आहे त्याच्या दारातून रस्ता जातो.

ही भीती काल्पनिक नाही. मुंबईच्या २०१४–३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्लागार होते, संगणक होते, चित्रे होती. तरीही उभ्या वास्तूंवरून रस्ते आखले गेल्याच्या, गावठाणे आणि कोळीवाडे नीट न दाखवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले. सुधारलेल्या आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. पायी फिरून तपासण्यात वेळ जातो, असे म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षे हिशेबात धरावीत.

आता विद्यापीठाकडे वळू. विद्यापीठाला तंत्रज्ञ समजणे ही आपल्याच परंपरेची विस्मृती आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख होते पॅट्रिक गेडिस, नगररचनाकार. आधी पाहणी आणि मग योजना, हा त्यांचा आग्रह. पाहणी म्हणजे गल्लीबोळांतून पायी हिंडणे, विहिरी आणि तलाव मोजणे, लोक कुठे बसतात-उठतात ते टिपणे. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघर जाऊन माणसांना विचारून उभी केलेली ती माहिती होती. त्या माणसांकडे संगणक नव्हता. जमिनीवर जाऊन विचारायचे आणि जे आढळले ते कोणाला गैरसोयीचे असले तरी छापायचे, ही शिस्त मात्र होती. शहराला विद्यापीठाकडून हवी आहे ती ही शिस्त. सॉफ्टवेअर तर बाजारातही मिळते.

असे काम आजही होते, याचे पुरावे जवळच आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने ग्रामीण नळपाणी योजनांचा अभ्यास गावात जाऊन केला. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नातून २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी जिल्हा प्रशासनाच्या प्रत्यक्ष अडचणींचा अभ्यास करावा, असा त्याचा हेतू. शिकाऊ पोरांना काय कळणार, या आक्षेपाला यातच उत्तर आहे. टाकीत पाणी किती वाजता आले आणि शेवटच्या नळाला किती वाजता पोचले, हे मोजायला लागते ती चिकाटी. ती शिकाऊ मुलाकडे असते.

दुसरे उदाहरण चेण्याच्या डोंगरातलेच. बिबट्यांचे हल्ले झाले की पिंजरे लावायचे आणि पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडायचा, ही जुनी रीत. असे हलवल्याने संघर्ष वाढतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नरच्या अभ्यासातून पुढे आले होते. २०११ मध्ये वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पुढे २०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांच्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदवले गेले. कचरा आणि भटकी कुत्री आवरा, शौचालये बांधा, रात्री मुलांना एकटे सोडू नका, हे वस्त्यांत जाऊन सांगितले गेले. माहिती संशोधकाच्या कपाटात न राहता खात्याच्या रीतीत आणि लोकांच्या सवयीत उतरली, म्हणून ती उपयोगी पडली.

खाडीपलीकडचे वसई-विरार मात्र वेगळी गोष्ट सांगते. जुलै २०१८ मध्ये ते शहर पाण्यात गेले आणि त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांना पुराची कारणे शोधायला सांगितले. तज्ज्ञांना बोलावले हे चांगलेच झाले. पण बांधून झालेल्या शहरात पाण्याला जागा शोधणे आणि बांधायच्या आधी ती राखून ठेवणे, यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चेण्यात ती जागा अजून राखता येण्याजोगी आहे. म्हणून हा विचार आज करायचा.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. गावकरीही निःस्वार्थ नसतात. जमिनीचे भाव वाढलेत, कोणी काठ आत सांगेल, कोणी बाहेर. खरे आहे. विद्यापीठ हवे ते नेमके इथेच. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहणे, पुराची खूण पट्टीने मोजणे, मतभेद असेल तर नकाशावर तो मतभेद म्हणूनच दाखवणे, हे काम ज्याचा त्या जमिनीत स्वार्थ नाही अशा तिऱ्हाइताचे आहे. महापालिका स्वतः हे करू शकत नाही, कारण निर्णय तिचाच असतो. सल्लागार कंपनीचे बिल महापालिका चुकते करते, तेव्हा तिलाही ते अवघड. विद्यापीठाने मात्र आपली स्वायत्तता करारात गहाण टाकता कामा नये.

म्हणून माझा सिद्धांत असा. शहर आणि विद्यापीठ यांचा करार तीन अटींवर व्हावा. पाहणी पावसाळ्यात, पाणी असताना व्हावी आणि निदान काही वर्षे सलग चालावी. नकाशाची सूची मराठीत, गावाच्या शब्दांत असावी, म्हणजे खाचराला खाचर म्हटले जाईल. आणि दुरुस्त केलेला नकाशा मसुदा आराखडा छापण्याआधी गावच्या भिंतीवर लागावा. मसुद्यानंतरच्या हरकतींच्या मुदतीत माणूस फक्त स्वतःचे घर वाचवायला धावतो. त्याआधी विचारले तर तो नदीबद्दल सांगतो.

महापालिकेला, विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आणि चेण्याच्या गावकऱ्यांना माझी विनंती एकच आहे. येत्या पावसाळ्यात, भरतीच्या वेळी, एकत्र नदीवर जा. पाणी जिथे लागले तिथे खुंटी ठोका. काठ तिथे आहे.