रविवारी न वाजलेला भोंगा

रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या आवारात चार शब्द बोलत उभे राहतो, तेव्हा हा मोकळा दिवस कुणीतरी झगडून मिळवला आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरणी कामगाराचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापाशीच सरे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या केवळ बालकामगारांना. काही गिरण्यांत रविवारी यंत्रे थांबत. परंतु ती साफ करायला पुन्हा कामगारालाच बोलावले जाई. सुट्टी यंत्राला होती, माणसाला नव्हती.

'दीनबंधु'चे संपादक आणि जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे दुःख वेशीवर टांगले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा झाल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार, या त्यांच्या मागण्यांपैकी काही होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही तेथे बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायद्यानेही साप्ताहिक सुट्टी दिली.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. मालक व कामगार यांच्या प्रत्येक करारात देहाच्या व आत्म्याच्या विसाव्याची अट गृहीतच असते, असे त्यात बजावले आहे. खंडोबाचा वार म्हणून रविवार पाळणारा गिरणी कामगार आणि प्रभूचा दिवस म्हणून तो पाळणारे आपण, दोघांचे मागणे एकच होते.

परंतु मान्य झालेली सुट्टी हाती पडतेच असे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याला ही मेख ठाऊक होती. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा देऊन तो थांबला नाही. रीतसर मागितलेली रजा नियमबाह्य नाकारली, तर ती कितीही साठली तरी पुढील वर्षात घेता येईल, असे त्याने लिहून ठेवले. मंजूर रजा ऐनवेळी रद्द झाली, म्हणून बहिणीच्या लग्नाला वा बापाच्या दफनविधीला पोहोचू न शकलेल्या माणसाला मात्र तो दिवस कोणता कायदा परत देणार?

आणि बोट केवळ गिरणीमालकाकडेच का दाखवावे? आपल्या घरची मोलकरीण, वाडीतला गडी सणासाठी आठ दिवसांची सुट्टी मागतात. आपण 'हो' म्हणतो आणि पाहुणे येताच तो शब्द फिरवतो. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. त्यांनी मिळवलेला रविवार आपण आनंदाने उपभोगतो. तो दुसऱ्यालाही लाभू देणे, एवढे ऋण तरी आपण फेडायला हवे.