विषुववृत्तावरची वहिवाट

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० खेड्यांत लोक संध्याकाळी एकत्र जमून दूरचित्रवाणी पाहत होते. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग आपल्या अवकाश-इतिहासात अभिमानाने सांगितला जातो, आणि ते रास्तच आहे. ‘नासा’ने वर्षभरासाठी उसन्या दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून कार्यक्रम थेट खेड्यातल्या जाळीच्या अँटेनांवर उतरत. हा उपग्रह नेमका कुठे होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो ३५ अंश पूर्व रेखांशावर होता. नकाशात विषुववृत्तावर या अंशावर बोट ठेवले, तर ते पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळ पडते. बिहार-ओडिशाच्या खेड्यांत पोहोचलेले चित्र केनियाच्या डोक्यावरून आले होते. त्यासाठी केनियाची परवानगी कायद्याने लागत नव्हती.

प्रयोग संपून चार महिने होतात न होतात तोच, ३ डिसेंबर १९७६ रोजी, कोलंबियाच्या राजधानीत बोगोटा येथे केनियासह आठ विषुववृत्तीय देशांनी एक जाहीरनामा काढला. कोलंबिया, इक्वेडोर, ब्राझील, काँगो, झाईर, युगांडा, केनिया आणि इंडोनेशिया हे ते देश. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भूस्थिर कक्षेचा जो तुकडा आमच्या भूमीच्या वर येतो, तो आमचा आहे. तिथे कायमचा उपग्रह ठेवायचा असेल, तर आमची पूर्वसंमती घ्या. उपग्रह नुसता वरून जाणार असेल तर आमची हरकत नाही. खुल्या समुद्रावरचे तुकडे साऱ्या मानवजातीचे. आणि आज तिथे कोणाचा उपग्रह आहे म्हणून त्याचा हक्क लागू होत नाही.

अवकाश कायद्याच्या पुस्तकांत हा जाहीरनामा एक फसलेली विक्षिप्त मागणी म्हणून दोन-चार ओळींत उरकला जातो. मला तो तसा वाटत नाही. त्यातले उत्तर चुकले असेल, पण त्यातला प्रश्न आजही पुसला गेलेला नाही.

ही कक्षा म्हणजे विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचे एक कडे. तिथला उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात एक प्रदक्षिणा घालतो, म्हणून जमिनीवरून तो एका जागी खिळलेला दिसतो. आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये या कल्पनेचा दळणवळणासाठी उपयोग सुचवला आणि १९६४ मध्ये सिन्कॉम-३ तिथे जाऊन बसला. असे कडे एकच आहे. त्याचा घेर सुमारे २,६५,००० किलोमीटर, म्हणजे एका अंशाला सातशेहून अधिक किलोमीटर. इतकी जागा असताना दाटी कसली? दाटी आहे ती लहरींची. शेजारी-शेजारी बसलेले उपग्रह एकाच कंपनसंख्येवर बोलू लागले, की एकमेकांचे बोलणे बुडवतात. दोन उपग्रहांत दोन अंशांचे अंतर राखायचे म्हटले, तर सगळ्या कड्यावर १८० जागा होतात.

आता कायदा. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे दुसरे कलम म्हणते की, सार्वभौमत्व सांगून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य कोणत्याही मार्गाने अवकाश कोणत्याही राष्ट्राला आपले करता येणार नाही. इक्वेडोर आणि युगांडा या कराराने आधीच बांधले गेले होते. त्यामुळे बोगोटाच्या वकिलांना वळसा घ्यावा लागला. त्यांनी दोन मुद्दे मांडले. अवकाश कुठे सुरू होते याची व्याख्याच करारात नाही, तेव्हा ही कक्षा अवकाशात मोडते हे तुम्ही ठरवणारे कोण? आणि ही कक्षा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे अस्तित्वात आहे, म्हणून ती जमिनीखालच्या तेलासारखी नैसर्गिक संपत्ती आहे. पहिला मुद्दा अडचणीचा होता आणि आजही आहे, कारण ती व्याख्या अजून झालेली नाही. दुसरा मुद्दा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. गुरुत्वाकर्षण साऱ्या पृथ्वीचे असते, एकट्या कोलंबियाचे नव्हे.

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांनीही हा दावा फेटाळला. शीतयुद्धाच्या काळात या दोघांचे एकमत झाले, की तिसऱ्याने आपला खिसा चाचपून पाहावा.

माझ्या मते खरी मेख दुसऱ्या कलमाच्या शब्दांत आहे. ते कलम ‘सार्वभौमत्व सांगून’ एवढ्यावर थांबत नाही, ‘वापर करून, ताबा घेऊन’ असेही म्हणते. त्यातला पहिला भाग आठ गरीब देशांना ऐकवला गेला. दुसरा भाग वर आधीच बसलेल्यांना कोणी ऐकवला नाही. उपग्रह काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून तो ताबा नव्हे, असा युक्तिवाद होता. पण जुना गेला की त्याच जागी त्याच मालकाचा नवा येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नोंदवहीत जो आधी नाव घालतो, त्याला अडथळा होणार नाही हे पाहणे मागून येणाऱ्याचे काम. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात. सात-बारावर नाव नाही, पण बांधावरून कोणी हटवू शकत नाही.

जॉन लॉकने सतराव्या शतकात मालकीचे समर्थन श्रमावरून केले. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपली घोषणा त्याच घराण्यातली. पण लॉकची एक अट होती, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. नदीतून एकजण ओंजळभर प्याला तर दुसऱ्याची तहान अडत नाही. १८० जागांच्या कड्यावर मात्र दुसऱ्याची तहान अडते.

अर्थात बोगोटावाल्यांचेही सगळे सरळ नव्हते. इंडोनेशियाने जाहीरनाम्याच्या काही महिने आधीच आपला पालापा उपग्रह सोडला होता, आणि तो उभा होता ८३ अंश पूर्वेवर, म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिणेला, खुल्या समुद्रावर. भारताचीही गंमत पाहा. १९८१ मध्ये गेलेला ‘ॲपल’ आपण १०२ अंश पूर्वेवर ठेवला. बैलगाडीवर ठेवलेल्या त्या उपग्रहाचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. पण १०२ अंशांवर खाली काय आहे? सुमात्रा. बोगोटाचा नियम चालला असता, तर ‘साइट’साठी नैरोबीचा आणि ‘ॲपल’साठी जाकार्ताचा उंबरठा झिजवावा लागला असता. विषुववृत्त ज्यांच्या वाट्याला आले नाही, अशा गरीब देशांना त्या नियमाने नवे जमीनदार मिळाले असते, एवढेच.

मालकी मिळाली नाही, पण ओरड वाया गेली नाही. दूरसंचार संघाच्या १९७३ च्या करारनाम्यात ही कक्षा ‘मर्यादित नैसर्गिक संपत्ती’ आहे, असे आलेच होते. १९८२ मध्ये संघाची परिषद नैरोबीत भरली, आणि तिथे विकसनशील देशांच्या विशेष गरजांबरोबर ‘विशिष्ट देशांची भौगोलिक स्थिती’ लक्षात घेण्याचे शब्द त्या वाक्याला जोडले गेले. १९८५ आणि १९८८ च्या परिषदांनंतर ठरावीक कंपनसंख्यांपुरती प्रत्येक देशासाठी निदान एक जागा राखून ठेवली गेली. गायरानातला प्रत्येक घराचा वाटा असावा, तशी.

उरलेली कक्षा पहिल्या येणाऱ्याचीच राहिली. तिथे काय घडू शकते, हे टोंगाने दाखवले. दक्षिण प्रशांत महासागरातल्या, विषुववृत्तापासून वीसएक अंश दूर असलेल्या आणि लाखभर वस्तीच्या या राज्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोळा जागांसाठी अर्ज केले. स्वतःचा एकही उपग्रह नसताना. आरडाओरडा झाला, तडजोडीत त्याला सहा जागा मिळाल्या, आणि टोंगाने त्या भाड्याने द्यायला काढल्या. सार्वभौमत्वाचे नाव घेऊन आठ देशांना जे मिळाले नाही, ते टोंगाने अर्ज भरून मिळवले. त्यातल्या एका जागेवरून १९९३ मध्ये टोंगाशी भांडायला उभा राहिला तो इंडोनेशिया.

कोलंबियाने १९९१ मध्ये नवे संविधान केले. त्याच्या १०१ व्या कलमात देशाच्या हद्दीचे वर्णन आहे: बेटे, भूगर्भ, प्रादेशिक समुद्र, हवाई क्षेत्र. आणि त्याच यादीत भूस्थिर कक्षेचा तुकडाही. इक्वेडोरने २००८ च्या संविधानात आपल्या तुकड्यावरचे हक्क लिहून ठेवले. दोन्ही कलमे आजही लागू आहेत. त्या तुकड्यांवर उपग्रह ठेवणारे अर्ज मात्र जिनिव्हालाच पाठवतात.