कारकुनाचे हसे आणि वाचकाची सहानुभूती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या उपनगरांत कारकुनांचा एक मोठा वर्ग वस्तीला आला. भाड्याचे टुमदार घर, एखादी मोलकरीण आणि आपण सभ्य गृहस्थ आहोत हा दृढ विश्वास, एवढेच त्याचे भांडवल. या वर्गाची टिंगल ‘पंच’ साप्ताहिकाला प्रिय होती. जॉर्ज व वीडन ग्रोस्मिथ या बंधूंची ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ १८८८-८९ मध्ये तेथेच क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९२ मध्ये ब्रिस्टलच्या अ‍ॅरोस्मिथने ती वीडनच्या चित्रांसह पुस्तकरूपात काढली. जेरोम के. जेरोमचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) हेही याच प्रकाशकाचे. एकेकाळी रेल्वेत कारकुनी केलेल्या जेरोमची भाषा समीक्षकांनी हलक्या लोकांची ठरविली; पुस्तक मात्र तडाखेबंद खपले. विनोद करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या नापसंतीच्या मुळाशी होता.

डायरीचा नायक चार्ल्स पूटर याला ‘मॅन्शन हाउस’मधील नृत्यसमारंभाचे निमंत्रण येते. त्या रात्री तेथे त्याला कोण सलगीने भेटावे? त्याच्याच घराची डागडुजी करणारा लोखंडी सामानाचा दुकानदार! पुढे वर्तमानपत्रातील उपस्थितांच्या यादीतून पूटरचे नाव गळते. तो पत्र पाठवतो. नाव ‘पोर्टर’ असे छापले जाते. पुन्हा लिहितो, तेव्हा ‘प्यूटर’ होऊन येते. प्रसंग क्षुल्लक आहे, पण ज्याच्यापाशी नावाखेरीज काही नाही त्याचे नावच छापखान्यात तीनदा हरवते. वाचक हसतो खरा. मात्र तिसऱ्या वेळी ते नाव एकदाचे नीट छापून यावे असेही त्याला वाटू लागते.

आंरी बर्गसाँने हास्यावरील आपल्या ग्रंथात (१९००) भावनेची तात्पुरती बधिरता ही हास्याची पूर्वअट मानली. त्याची उदाहरणे बहुतांशी रंगभूमीवरील आहेत. तेथे पात्र समोर, बाहेर उभे असते. दैनंदिनीत मात्र पात्राच्याच शब्दांतून त्याच्याकडे पाहावे लागते. पूटरला जे दिसत नाही ते वाचकाला दिसते, आणि ते दिसते पूटरच्याच प्रांजळपणामुळे. अशा निवेदकाला हसताना बधिर राहणे अवघड असते. (चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांची आठवण मराठी वाचकाला येथे व्हावी, हे स्वाभाविकच.) ‘पंच’च्या वाचकाला जो कारकून हास्यास्पद म्हणून दाखविला, त्याच्या पक्षाला निवेदनपद्धतीनेच वाचक नेऊन बसविले. लेखकद्वयाला हे कितपत अभिप्रेत होते, हा प्रश्न गौण आहे.

पी. जी. वुडहाउसच्या बर्टी वूस्टरचे तंत्र हेच: निवेदकाला वाचकापेक्षा कमी कळते. परंतु बर्टीपाशी पैसा आहे, आणि जीव्ह्जही आहे. म्हणून तेथले हास्य निश्चिंत असते. पूटरच्या सदऱ्याचे कफ मात्र विरलेले आहेत. त्यावर कोटी करून पतिपत्नी हसतात, नवे कफ मात्र शिवून घ्यायचेच असतात.