‘कुणाला सांगू नकोस’: पहिलं प्रेम, ब्रेकअप आणि मैत्रीची परीक्षा

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडकडे मुलांची रीघ लागते. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी मराठवाड्यातल्या गावागावांतून पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली इथे येतात. लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचा भाग्यनगर परिसर, होस्टेल, मेस, क्लास आणि अभ्यासिका यांतच त्यांची पुढची दोन वर्षं जातात. आई-वडील फोनवर भेटतात. शेजारच्या कॉटवर असतो तो रूम पार्टनर.

याच वयात पहिल्यांदा कुणीतरी आवडू लागतं. ही बातमी सगळ्यात आधी रूम पार्टनरला कळते. पुढे ते प्रेम तुटलं, तर तेही त्यालाच कळतं. अशा वेळी मैत्रीवर कसला ताण येतो आणि मित्रानं काय करायचं असतं, ते समजून घेऊ.

मित्र प्रेमात पडला की मैत्री का दुखावते?

ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक रॉबिन डनबार यांनी २०१० मध्ये प्रौढांच्या पाहणीवरून एक निष्कर्ष मांडला होता. आयुष्यात नवं प्रेम आलं की अगदी जवळच्या वर्तुळातली साधारण दोन माणसं मागे पडतात. कारण साधं आहे. नातं टिकायला वेळ लागतो आणि वेळ मोजकाच असतो.

होस्टेलवर तर मोकळा वेळ म्हणजे मेसमधलं जेवण आणि रात्रीचा तासभर. तो तास फोनवर जाऊ लागला की दुसऱ्याला एकटं पडल्यासारखं वाटतं. त्यात ‘घरून फोन आला तर अभ्यासिकेत आहे म्हण’ अशी खोटं बोलायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. कधी दोघांना एकच व्यक्ती आवडते, मग अबोला ठरलेला.

‘एवढ्यासाठी काय रडायचं?’

अमेरिकी संशोधक हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतंच प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ तरुण-तरुणींच्या मेंदूचं स्कॅनिंग त्यात केलं होतं. त्या व्यक्तीचा फोटो पाहताना, व्यसनाच्या ओढीशी संबंधित असलेले मेंदूचे भाग त्यांच्यात सक्रिय झालेले दिसले. म्हणजे ‘विसरून जा’ म्हटल्यानं कुणी लगेच विसरत नाही.

अमेरिकेतलेच अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. काही दुःखं समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. ती उघडपणे व्यक्त करता येत नाहीत, त्यामुळे जास्त सलतात. सोळाव्या वर्षीचं ब्रेकअप हे असंच दुःख आहे. घरी सांगता येत नाही, सुट्टी मागता येत नाही आणि रविवारी टेस्ट असतेच. मित्राच्या मृत्यूचंही तसंच होतं. लोक सांत्वनाला घरच्यांकडे जातात, त्याच बाकावर बसणाऱ्या सोबत्याला सहसा कुणी विचारत नाही.

गुपित कुठवर जपायचं?

मैत्रीची खरी परीक्षा इथे असते. कोण कुणाला आवडतं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे गुपित जपायलाच हवं. ते वर्गात पसरवणं म्हणजे विश्वासघात.

पण तीन गोष्टी एकट्यानं पोटात ठेवू नयेत. मित्र जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, कुणी फोटो-व्हिडिओ दाखवून धमकावत असेल, किंवा कुणी, विशेषतः वयानं मोठी व्यक्ती, जबरदस्ती करत असेल, तर त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावं. वॉर्डन, शिक्षक, मावशी, मोठा भाऊ, जो ऐकून घेईल तो. मित्र चार दिवस रागावेल, पण तो जिवंत आणि सुरक्षित असेल.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नये.

हा धोका किती मोठा आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

मुलं का लपवतात?

एक भीती घरच्यांची असते. ‘शिक्षण बंद, गावाकडे चल’ हे वाक्य मुलींना जास्त ऐकावं लागतं. दुसरी भीती कायद्याची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची शारीरिक संबंधांना असलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. पण कुणी आवडणं हा गुन्हा नाही आणि ब्रेकअपनंतर मदत मागणं तर नाहीच. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानून तिच्यावर खटला चालवू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

मदत कुठे मिळते?

‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज, होस्टेल आणि कोचिंग क्लासेससाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि हेल्पलाइनचे क्रमांक ठळकपणे लावलेले असावेत, असं त्यांत म्हटलं आहे. क्लासला प्रवेश घेताना पालकांनी फी आणि निकालाबरोबर हेही विचारायला हवं.

आणि १४४१६ ला फोन करायला स्वतःच अडचणीत असावं लागत नाही. मित्राची काळजी वाटते, एवढं कारण पुरेसं आहे.