मुंगीपासून पट्टीपर्यंत

मधुमेह ओळखण्याचं सर्वांत जुनं साधन म्हणजे मुंगी. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना रोग्याच्या अंगाकडे आणि मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, अशी नोंद आहे. त्यासाठी ना काचेचं भांडं लागायचं, ना प्रयोगशाळा. माणूस जिथं राहतो, झोपतो, तिथंच त्याच्या रोगाचा पत्ता लागत होता. वैद्य खाटेपाशी बसायचा, नाडी बघायचा, तहान किती लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे विचारायचा. पुढं काही शतकांत हे निदान खाटेपासून दूर गेलं आणि विसाव्या शतकात ते परत खाटेपाशी आलं. या जाण्यायेण्याची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

युनानी वैद्यकात नब्ज आणि कारुरा या दोन गोष्टींना मोठा मान. ‘कारुरा’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ काचेची कुपी. या कुपीत लघवी घेऊन हकीम ती उजेडात धरायचे. रंग, गढूळपणा, फेस, तळाचा गाळ बघायचे. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी लिहिलेल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात नाडी आणि लघवी या दोन्हींच्या परीक्षेचं सविस्तर विवेचन आहे. हळूहळू कुपीचं नावच आतल्या द्रवाला पडलं. उर्दूत तर ‘कारुरा मिलना’ असा वाक्प्रचारच आहे. दोघांचं अगदी गूळपीठ जमलं की तो वापरतात. दवाखान्यातला शब्द असा मैत्रीत जाऊन बसला, याची मला फार गंमत वाटते.

‘अल-कानून’चं लॅटिन भाषांतर युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतकं शिकवलं जात होतं. कुपी बघण्याचं शास्त्रही तिथं रुजलं आणि मग त्याचा अतिरेक झाला. रोगी घरीच राहायचा, त्याची कुपी टोपलीत घालून नोकर वैद्याकडं न्यायचा आणि वैद्य रोग्याचं तोंडही न पाहता रोग सांगायचा, भविष्यही सांगायचा. या प्रकाराची पोलखोल करणारं पुस्तक इंग्लंडमध्ये टॉमस ब्रायन यांनी १६३७ मध्ये लिहिलं. नमुना गेला आणि माणूस मागं राहिला, हे इथं ठळकपणे दिसतं.

टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं अशा रोग्यांची लघवी मधासारखी गोड लागते, असं १६७४ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. ‘लागते’ म्हणजे जिभेलाच! जीभ हीसुद्धा त्या काळी तपासणीचं साधन होती. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. त्यांनी लघवी आटवली, तर भांड्यात साखर उरली. रोग्याच्या रक्तातला पातळ भागही त्यांना गोड लागला. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती रक्तातूनच येत होती.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र पुढं आलं. जर्मनीत फेलिंग यांनी तांब्याच्या क्षारावर आधारलेली साखरेची परीक्षा शोधली. आता जिभेचं काम नळीतला रंग करू लागला. रुग्णालयांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. निदान अचूक झालं, पण रोगी एका खोलीत आणि त्याचं रक्त दुसऱ्या इमारतीत, अशी फाळणीही झाली. चिठ्ठी यायला तास लागत, कधी दिवस लागे. रात्री प्रयोगशाळेला कुलूप.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि ही अडचण एकदम तातडीची झाली. इन्सुलिन कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध होतो. रोजच्या रोज मोजल्याशिवाय हे औषध सांभाळता येत नाही. आणि प्रयोगशाळा तर रोज कुणाच्या घरी येणार नाही.

तेव्हा कामाला आलं ते अमेरिकेतल्या स्टॅन्ले बेनेडिक्ट यांचं निळं द्रावण. माझ्या लहानपणी आमच्या घरात त्याची बाटली मसाल्याच्या डब्यांच्या वरच्या फळीवर असायची. अब्बा सकाळी काचेच्या नळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, असं करत विटकरी रंग आला की प्रकरण गंभीर. अम्मी कॅलेंडरच्या चौकटीत तो रंग लिहायची. ईदच्या दुसऱ्या दिवशी नळी विटकरी व्हायची आणि त्या दिवशी शीरखुर्म्याचा विषय घरात कुणी काढायचं नाही.

पण हा रंग शिळी बातमी सांगायचा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय सहसा लघवीत उतरत नाही, आणि लघवी तर मागच्या काही तासांची. साखर फार उतरली असेल, तर नळी गप्पच. हेलन आणि आल्फ्रेड फ्री या अमेरिकन दाम्पत्याच्या संशोधनातून १९५६ मध्ये ‘क्लिनिस्टिक्स’ ही लघवीत नुसती बुडवायची पट्टी बाजारात आली. दिवा गेला, नळी गेली, पण बातमी शिळीच राहिली. १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी आली आणि त्यानंतर पट्टीचा रंग वाचून आकडा सांगणारं यंत्र.

आता खरी गंमत ऐका. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे अमेरिकन इंजिनिअर होते. वयाच्या १२ व्या वर्षी त्यांना मधुमेह जडला होता. या यंत्राची जाहिरात त्यांनी १९६९ मध्ये वाचली. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध होऊन आलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे रुग्णालयाला ओळखता यावं म्हणून ते यंत्र होतं. वजन सव्वा किलोच्या वर, किंमत ६५० डॉलर. बर्नस्टीन यांनी मागणी केली, तर उत्तर मिळालं, यंत्र फक्त डॉक्टरांना विकतो. सुदैवानं त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. यंत्र त्यांच्या नावावर घरी आलं. बर्नस्टीन दिवसातून पाच-पाच वेळा स्वतःची साखर मोजू लागले, खाणं आणि इन्सुलिन त्यानुसार बदलू लागले आणि त्यांची तब्येत सुधारली. हे अनुभव वैद्यकीय नियतकालिकं छापेनात, तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि स्वतःच डॉक्टर झाले. २०२५ मध्ये ते वारले, तेव्हा नव्वद वर्षांचे होते.

ज्याच्या शरीरातलं रक्त, त्यालाच त्याचा आकडा कळू नये, हा तो काळ होता. अमेरिकेत आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. वारंवार मोजून साखर आटोक्यात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांची हानी बरीच टळते, हे त्यातून सिद्ध झालं. बर्नस्टीन यांनी जे एकट्यानं केलं, त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

आज ते यंत्र तळहाताएवढं झालं आहे. रुग्णालयात बेशुद्ध माणूस आला की नर्स आधी त्याचं बोट टोचते आणि काही सेकंदांत आकडा समोर येतो. मात्र या आकड्याची मर्यादा जाणून घ्यायला हवी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडंतिकडं चालतं. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल, तर यंत्र त्यालाही रक्तातली साखर समजतं. म्हणून रोग आहे की नाही, हे ठरवायला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. ठरल्यावर रोजचा सांभाळ मात्र घरच्या यंत्रावर करता येतो.

आणि दुसरी मर्यादा खिशाची. यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पट्ट्या मात्र कायम. आमच्या मोहल्ल्यात पट्टी महाग पडते म्हणून आठवड्यातून एकदाच मोजणारे आहेत, आणि घरातल्या पुरुषाचं मोजून झाल्यावर उरली तर आपली पट्टी वापरणाऱ्या बायकाही आहेत. पूर्वी यंत्र डॉक्टरांच्या ताब्यात होतं, आता ते पैशाच्या ताब्यात आहे.

तेव्हा घरात कुणाचं बोट टोचाल, तर आकडा वेळेसह वहीत लिहा. त्याशेजारी काय खाल्लं, झोप लागली का, पाय बधिर होतात का, हेही विचारून लिहा. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांनी ती वाचावी, असा आग्रह धरा. खाटेपाशी बसलेला जुना वैद्य हेच तर विचारत होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)