चार पौंडांचे कुंपण

फुटबॉलचा हंगाम संपला, गोलखांबांच्या जाळ्या उतरल्या, की मैदानाबाहेरचा दुसरा खेळ सुरू होतो. अमुक खेळाडू तमुक क्लबाकडे चालला, त्याला इतके पैसे मिळणार, सौदा रात्रीच ठरला, अशा वार्ता वर्तमानपत्रांतून आणि चहाच्या दुकानांतून फिरू लागतात. मडगावच्या आणि म्हापशाच्या श्रोत्यांना हा अनुभव सांगायला नको. पण या वावड्यांना एक इतिहास आहे, आणि तो केवळ करमणुकीचा नाही. माणसाने आपले कसब कोठे विकावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

इंग्लंडात 1885 साली फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली. तीन वर्षांनी बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. आज या क्लबाकडून, उद्या त्या क्लबाकडून असे खेळाडूंनी फिरू नये म्हणून लीगने नोंदणीची वही घातली. हेतू वाईट नव्हता. परंतु 1893 च्या सुमारास त्या वहीचे रूप पालटले. करार संपला तरी नोंदणी क्लबाकडेच राहू लागली. खेळाडूने नवी बोली नाकारली, तर क्लब त्याला पगार देण्यास बांधील नव्हता, आणि क्लबाने सोडल्यावाचून लीगमधील दुसरा कोणताही क्लब त्याला घेऊ शकत नव्हता. कुळाने जमीन सोडली तरी सावकाराच्या खात्यातून नाव सुटत नाही, तशातली ही गत.

यावर कळस चढला 1901 साली. आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन कोणासही देऊ नये, असा नियम अमलात आला. लहान क्लबांचे म्हणणे असे की, ही मर्यादा नसेल तर धनाढ्य क्लब सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील. हे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मला वाटत नाही. मात्र खेळाडूच्या विक्रीच्या किमतीला तशी मर्यादा नव्हती. 1905 च्या फेब्रुवारीत मिडल्सबरोने आल्फ कॉमन याला संडरलंडकडून घेतले, ते हजार पौंड मोजून. हजार पौंड क्लबाने क्लबाला दिले. कॉमनच्या वाट्याला कायद्याने आठवड्याचे तेच चार पौंड.

या कुंपणाला एक फट होती, ती दक्षिणेकडे. 1894 साली निघालेली सदर्न लीग दर्जाने धाकटी मानली जाई; पण ती फुटबॉल लीगची वही मानीत नसे. उत्तरेत अडकलेला खेळाडू नोंदणीची किंमत न भरता दक्षिणेकडच्या क्लबात जाऊ शके. जॉन कॅमेरॉन याची कथा या संदर्भात मोठी बोलकी आहे. एव्हर्टनच्या या स्कॉटिश खेळाडूने 1898 साली खेळाडूंच्या पहिल्या संघटनेचे चिटणीसपद पत्करले. संघटनेची मागणी साधी होती: बदलीची बोलणी क्लब आणि खेळाडू यांच्यात व्हावीत, दोन क्लबांनी परस्पर करू नयेत. त्याच वर्षी कॅमेरॉन सदर्न लीगमधील टॉटनहॅमकडे गेला, आणि पुढे तेथे खेळाडू व व्यवस्थापक अशी दोन्ही कामे पाहू लागला. 1901 साली टॉटनहॅमने शेफील्ड युनायटेडला हरवून एफ. ए. कप जिंकला. पहिला सामना क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर 1,10,820 प्रेक्षकांसमोर बरोबरीत सुटला. बोल्टनला झालेल्या फेरसामन्यात 3-1 असा विजय मिळाला, आणि त्यातला एक गोल कॅमेरॉनचा होता. लीग स्थापन झाल्यानंतर लीगबाहेरच्या क्लबाने तो चषक जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही. संघटना मात्र तोवर विरून गेली होती.

ही फटही पुढे बुजली. 1910 च्या सुमारास दोन्ही लीगनी एकमेकींच्या वह्या मान्य केल्या, आणि 1920 मध्ये सदर्न लीगचा वरचा वर्ग फुटबॉल लीगचा तिसरा विभाग म्हणून सामावला गेला.

मग जे चालले ते चोरून. मँचेस्टर सिटीने मर्यादेबाहेर पैसे दिल्याचे 1906 च्या चौकशीत उघड झाले, आणि सतरा खेळाडूंवर बंदी आली. दुसऱ्या क्लबाच्या खेळाडूशी परवानगीवाचून बोलणे हाही गुन्हाच होता. तेव्हा बोलायचे ते कानात, आणि छापायचे ते ‘कळते की’ असे म्हणून. वावड्यांचे पीक या नियमांच्या खतावरच वाढले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

1922 साली वेतनाची मर्यादा हंगामात आठ आणि उन्हाळ्यात सहा पौंड होती. 1958 साली वीस आणि सतरा. दरम्यान 1950 मध्ये स्टोकचा नील फ्रँकलिन आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन हे थेट कोलंबियातील बोगोटा येथे गेले, कारण तेथील लीग त्या वेळी जागतिक संघटनेच्या बाहेर होती. फ्रँकलिन थोड्याच काळात परतला. दोघांनाही मायदेशी बंदीची शिक्षा झाली.

अखेर जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची नोटीस दिली, आणि जानेवारी 1961 मध्ये मर्यादा उठली. फुलहॅमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे रंगभूमीवरचे विनोदी नट. मर्यादा नसती तर जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले असते, असे ते बोलून चुकले होते. आता ते द्यावे लागले! वही मात्र शिल्लक होती. न्यूकॅसलने अडवून धरलेला जॉर्ज ईस्टहॅम 1960 साली गिल्डफर्डला जाऊन कॉर्क विकत होता. त्याच्या दाव्यात 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायावर घातलेले अवाजवी बंधन ठरवली. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सचे ते खापरपणतू, हा योगायोग मौजेचाच म्हणायचा. लहान क्लबांची भीती खरी ठरली काय? अॅक्रिंग्टन स्टॅन्लेला 1962 साली कर्जापायी लीग सोडावी लागली. पण ते कर्ज काही एका वर्षात साचलेले नव्हते.

करार संपल्यावरही किंमत मागण्याचा हक्क युरोपात पुढेही टिकला. बेल्जममधील लिएज क्लबाने 1990 साली जाँ-मार्क बोस्मन याला महिन्याच्या 1,20,000 फ्रँकांऐवजी 30,000 देऊ केले. त्याने नकार देताच त्याच्यावर 1,17,43,000 फ्रँकांची किंमत लावली. फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातला डंकर्क क्लब त्याला घेण्यास तयार होता. डंकर्क पैसे फेडील की नाही, अशी शंका लिएजला आली. कागद अडले आणि तो सौदा फिसकटला. 15 डिसेंबर 1995 रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातील क्लबाकडे पैसे मागता येणार नाहीत, असे ठरले. तेव्हा बोस्मनचे वय 31 होते.